यात्रेच्या आदल्या रात्रीचे ओझे



यात्रेचा संकल्प करताना मन जितके उत्साही असते, तितकेच ते निघण्याच्या आदल्या रात्री शंकाकुल होते. आपल्या सायलीहून वडीलधाऱ्यांचा मेळा त्र्यंबकेश्वरास निघावयाचा म्हटला की घरोघरी हाच अनुभव येतो. महिनाभर आधी नाव नोंदविलेल्या आजी पिशवी भरून झाल्यावर म्हणतात, "माझे गुडघे वाटेत अडून बसले तर? माझ्यापायी सर्वांचा खोळंबा नको. माझे नाव काढून टाका." हे भय प्रवासाचे नव्हे, दुसऱ्यास भार होण्याचे आहे. त्यास कोणी हसू नये.

महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे विस्तृत आख्यान आहे. अर्जुन अस्त्रप्राप्तीसाठी गेला असता लोमश ऋषी युधिष्ठिरास यात्रेस घेऊन निघाले. निघण्यापूर्वी त्यांनी उपदेश केला तो हलके होण्याचा. परिवार थोडा असेल तर प्रवास सुखाचा होईल. तेव्हा भूक, तहान, श्रम व थंडी ज्यांना सोसणार नाही त्यांना धर्मराजाने परत फिरण्यास सांगितले. प्रेमाने मागे आलेल्या प्रजाजनांना त्याने धृतराष्ट्राकडे, आणि तेथे निर्वाह न झाल्यास पांचालराजाकडे जाण्यास सांगितले. सोय सांगितल्यावाचून निरोप दिला नाही. तात्पर्य, मागे राहणे हा अधर्म नव्हे. ज्यांना डॉक्टरांनी प्रवास वर्ज्य केला असेल त्यांनी निःशंक घरी राहावे. जाणाऱ्यांनी त्यांच्या नावाने तीर्थात एक बुडी मारावी व अंगारा-प्रसाद आणून त्यांच्या हाती द्यावा.

परंतु जे जाऊ शकतात त्यांच्यासाठी कथेचा पुढील भाग आहे. गंधमादनाच्या वाटेवर वादळ-पावसाने श्रमलेली द्रौपदी मूर्च्छित होऊन पडली. नकुल-सहदेवांनी तिचे पाय चेपले. भीमाने घटोत्कचाचे स्मरण केले. त्याने द्रौपदीस उचलून घेतले आणि त्याच्या सोबत्यांनी पांडवांनाही वाहून नेले. ज्याच्या बळाची ख्याती त्रिभुवनात, तो भीमही त्या वाटेवर दुसऱ्याच्या खांद्यावर बसला! त्याच्या पुण्यात त्यामुळे काही उणे आले असे व्यासांनी म्हटलेले नाही. मग आपण कोणाचा हात धरून चार पायऱ्या चढलो तर लाज कसली?

आणि त्र्यंबकक्षेत्राचा महिमा तरी काय आहे? गोदावरी ब्रह्मगिरीवर प्रकटली, गंगाद्वारी आली, आणि गौतम ऋषींनी कुश टाकून तिला खाली कुशावर्तात अडविले, अशी कथा आहे. ज्याला डोंगर चढवत नाही त्याच्यासाठी गंगा स्वतःच उतरून आली आहे. आपली दमणगंगाही त्याच नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीत उगम पावून आपल्या दाराशी येते. तेव्हा हा प्रवास परमुलखाचा नसून माहेरच्या डोंगराचा आहे.

म्हणून आज रात्री चिंतेचे दोन भाग करावेत. ज्यावर उपाय आहे तो उपाय करून मोकळे व्हावे. नित्याची औषधे मोठ्या सामानात न ठेवता हातपिशवीत ठेवावीत. नाव, गाव, घरचा दूरध्वनी व औषधांची नावे कागदावर लिहून खिशात किंवा बटव्यात बाळगावी. मधुमेह असणाऱ्यांनी दर्शनापूर्वी उपाशी राहण्याचा हट्ट धरू नये. प्रत्येकाने एक जोडीदार ठरवावा आणि काही दुखले तर त्यास तत्काळ सांगावे. संकोचाने लपविलेले दुखणेच पुढे सर्वांचा खोळंबा करते. एवढे झाल्यावर जे उरेल ते देवाच्या पायाशी ठेवून झोपावे.

तरुण मंडळींस एकच विनंती. "या वयात कशाला जाता?" हे वाक्य निघण्याच्या वेळी उच्चारू नका. आई-वडिलांनी आयुष्यभर तुमचा भार वाहिला; त्यांची पिशवी मोटारीपर्यंत उचलून न्या, आणि "घरची काळजी करू नका" एवढेच म्हणा. त्या एका वाक्याने त्यांचे निम्मे ओझे उतरेल. परतल्यावर मावंदे सर्वांनी मिळून घालू; त्या पंक्तीत गेलेले आणि राहिलेले एकाच मानाने बसतील.

॥ शुभं भवतु ॥