खिळा कुठे ठोकावा?

नीतिशास्त्राच्या ग्रंथांत सत्य, अहिंसा, दया, क्षमा यांच्यावर पानंच्या पानं खर्ची पडलेली असतात. खिळा कुठे ठोकावा याबद्दल मात्र अवाक्षर नसतं. वास्तविक मध्यमवर्गीय माणसाला उभ्या आयुष्यात हिंसा करण्याची संधी अशी फारशी मिळत नाही. झुरळापलीकडे त्याचा हात पोचत नाही. पण भिंतीवर तसबीर लावायचा प्रसंग प्रत्येकावर येतो, आणि त्या वेळी घरात जे काही होतं, ते पाहिलं की धर्मसंकट म्हणजे काय हे समजून घ्यायला कुरुक्षेत्रावर जायची गरज उरत नाही.

मी कॉमर्सचा पदवीधर. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध एवढाच, की कॉलेजात फिलॉसॉफीच्या वर्गातला पंखा चालू असायचा म्हणून आम्ही मधल्या सुट्टीत तिथे डबा खायला बसत असू. पण बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढल्यावर माणसाला एक सवय लागते. समोर कुठलीही वस्तू आली, की ती सुंदर आहे का हे नंतर; आधी 'ही कुणाच्या नावावर?' हे विचारायचं. भिंतीवरच्या चित्राला मी हा प्रश्न विचारला आणि अडकून बसलो. चित्र कुणाचं? ज्यानं पैसे मोजले त्याचं, ज्याची भिंत त्याचं, की जो बघतो त्याचं? तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? घरात एकच भिंत मोकळी असू द्या, मग सांगा.

आमच्या हॉलला नियमाप्रमाणे चार भिंती आहेत. त्यातली एक खिडकीनं खाल्ली आणि दुसरी टीव्हीनं. तिसरीत अर्धं स्वयंपाकघराचं दार आणि अर्धा चपलांचा रॅक. उरली सोफ्यावरची. तिच्यासाठी सौ. आणि कन्या यांनी तीन चित्रांचा संच मागवला. प्रत्येक चित्रात एक पान. पहिल्यातलं डावीकडे वाकलेलं, दुसऱ्यातलं उजवीकडे वाकलेलं, आणि तिसऱ्यातलं दोघांची समजूत घालायला आल्यासारखं मधोमध उभं. कन्या टेप घेऊन हजर झाली. तीन चौकटी मिळून सोफ्याच्या दोन-तृतीयांश रुंदीच्या हव्यात, दोन चौकटींत चार बोटं अंतर हवं, आणि चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर हवा, असं तिनं जाहीर केलं. हे शेवटचं तिच्या मनचं नाही. बरीच संग्रहालयं असाच काहीसा आकडा धरतात. उभ्या माणसाची नजर साधारण त्या उंचीवर असते म्हणून.

आईकडे एकच तसबीर आहे. लक्ष्मीची. कमळावर उभी, बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला, पुढे तो मळवलीला नेला. तोवर राजेरजवाड्यांच्या महालात राहणाऱ्या त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती कागदावर छापून निघाल्या आणि चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत बिऱ्हाड करून राहिल्या. त्यांचं बघून पुढे किती छापखान्यांनी किती लक्ष्म्या काढल्या, त्याला गणती नाही. आमच्या लक्ष्मीची खालची छापील ओळ वाळवीनं खाल्ल्यामुळे तिची वंशावळ तुटली आहे. पण काच बसवण्याआधी आजीनं तिच्या पातळाच्या काठावर जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या, तेव्हा तशी पद्धतच होती. त्यामुळे घराण्याचा निकाल आमच्यापुरता लागलेला आहे.

जुन्या घरात ही लक्ष्मी दारावर, छताच्या खाली वीतभर, पुढे झुकलेली असायची. तसबिरीची तार वरच्या कडेला न बांधता पाठीमागे जरा खाली बांधली, की वरची कड भिंतीपासून सुटते आणि तसबीर आपोआप वाकते. माणसं जमिनीवर बसत. वरून देवी त्यांच्याकडे वाकून बघे. हल्लीचं चित्र भिंतीला पाठ टेकून ताठ उभं असतं. ते कुणाकडे बघत नाही, आणि आपल्याकडे कुणी बघावं असा त्याचा आग्रहही दिसत नाही.

नव्या घरात आल्यापासून लक्ष्मी जुन्या लुगड्यात गुंडाळून पलंगाच्या पेटीत होती. पानं लावायच्या दिवशी मी आईला विचारलं. ती म्हणाली, "माझं काही नाही रे बाबा. लावा तुमची पानं."

'माझं काही नाही' याहून जड वाक्य मराठी भाषेत नसेल. मी ड्रिल खाली ठेवलं आणि विचार करू लागलो. ड्रिलवाला तासावर पैसे घेत होता, त्यामुळे विचार भराभर करणं भाग होतं.

मुळात भिंतीवरचं चित्र बघतं कोण? विकत घेणारा पंधरा दिवस बघतो. मग ते पंख्याच्या बटणासारखं होतं. असतं, पण दिसत नाही. १९६१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये हेन्री मातीस या फ्रेंच चित्रकाराचं एका बोटीचं चित्र उलटं टांगलं गेलं. वर बोट आणि खाली पाण्यात तिचं प्रतिबिंब असं ते चित्र. प्रतिबिंब वर गेलं आणि बोट बुडाली. ४७ दिवस ते तसंच होतं. त्या काळात १,१६,००० च्या आसपास माणसं तिथून गेली म्हणतात. शेवटी एका बाईंना खटकलं, की प्रतिबिंबात मूळ बोटीहून जास्त तपशील कसा? या बाई शेअरदलाल होत्या. कलेच्या प्रांतात आम्हा आकडेवाल्यांची अब्रू राखणारं हे एवढं एकच माणूस मला माहीत आहे, म्हणून सांगितलं.

आमच्याकडे बचत खात्यात खातेदारानं दोन वर्षांहून अधिक काळ काही व्यवहार केला नाही, की ते खातं 'निष्क्रिय' ठरतं. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. २०१४ पासून ही व्यवस्था आहे. भिंतीवरच्या चित्रांना हा नियम लावला, तर देशातल्या बहुतेक तसबिरी निष्क्रिय निघतील. पण या नियमाला एक शेपूट आहे. दहा वर्षांनंतरही खातेदार आला, ओळख पटली, तर पैसे परत मिळतात. हक्क मरत नाही. हे शेपूट मला नीट समजलं ते एका मास्तरांमुळे.

आमच्या शाखेत काउंटरच्या मागच्या भिंतीवर एक तसबीर होती. एक खाडी, काठाला माड, पाण्यात होडी. आमची पाठ तिच्याकडे आणि तोंड गिऱ्हाइकाकडे, त्यामुळे आम्हा स्टाफची आणि तिची ओळख नव्हती. मग शाखेचं नूतनीकरण झालं. कंत्राटदारानं भिंतीला राखाडी रंग दिला आणि तिथे काचेच्या उंच इमारतींची चित्रं लावली. होडीची डेडस्टॉक रजिस्टरातली किंमत एक रुपया होती. तिची आठवण काढावी असं कुणालाच काही कारण नव्हतं.

एक तारखेला पेन्शनीसाठी एक निवृत्त मास्तर आले आणि म्हणाले, "होडी कुठं गेली?"

मला वाटलं, मच्छीमारीच्या कर्जाची चौकशी आहे. मी त्यांना तीन नंबरच्या काउंटरवर जायला सांगितलं.

"ती नव्हे हो. तुमच्या डोक्यामागची."

मग त्यांनी मला आमची होडी समजावून दिली. तिच्यात दोन माणसं होती. एक वल्हवतोय, दुसरा पाठमोरा बसलाय. तो गावाला परत येतोय की गाव सोडून चाललाय, हे मास्तरांना चौदा वर्षांत ठरवता आलं नव्हतं. दर एक तारखेला नंबर येईपर्यंत बाकावर बसून ते तेवढंच बघायचे.

"आधी आम्ही दोघं यायचो," मास्तर म्हणाले. "ती म्हणायची, परत येतोय."

मी म्हटलं, "पण मास्तर, तसबीर बँकेच्या मालकीची आहे. काय ठेवायचं, काय काढायचं..."

"असेल की. होती तुमचीच. बघत आम्ही होतो."

याला उत्तर द्यायला कुठलंही परिपत्रक उपयोगी पडत नाही. १९११ साली पॅरिसच्या लूव्रमधून मोनालिसा चोरीला गेली, तेव्हा ती जागेवर नाही हे कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला, आणि तेही तिथे चित्र काढायला आलेल्या एका चित्रकारामुळे. पुढे ती १९१३ साली सापडली. पण मधल्या काळात ती नसलेली जागा बघायला लोकांनी रांगा लावल्या. मास्तर त्या दिवशी आमच्या राखाडी भिंतीकडे तसेच बघत बसले. रांग मात्र एका माणसाची होती.

होडी रेकॉर्डरूममध्ये जुन्या लेजरांच्या मागे सापडली. एक रुपयाच्या मालमत्तेसाठी रिजनल ऑफिसला पत्र लिहिण्यापेक्षा खिळा स्वस्त पडेल, असा व्यवहारी निर्णय साहेबांनी घेतला. ती आता पाण्याच्या फिल्टरशेजारी, ज्येष्ठ नागरिकांच्या बाकासमोर आहे. मी काउंटर सोडून एकदा समोरून जाऊन नीट पाहिली. मला तर तो माणूस चाललेलाच वाटतो. मास्तरांना हे सांगितलेलं नाही.

मग भिंतीवरचं कधी काही काढायचंच नाही का? काढायचं. नाहीतर पणजोबांपासूनच्या तसबिरींत आपल्याला बसायला जागा राहायची नाही. पण बँकसुद्धा खातं निष्क्रिय करण्याआधी खातेदाराला कळवते. घरातल्या माणसांना निदान तेवढी सवलत असावी. आणि 'माझं काही नाही' हे उत्तर आलं, तर ते संमतीपत्र म्हणून फाईलला लावू नये. ज्यांचं खूप काही असतं तेच असं बोलतात.

तेव्हा मी टेप भिंतीवरून काढला आणि माणसांना लावला. सोफ्यावरची भिंत दिसते ती दारातून आत येणाऱ्या, उभ्या पाहुण्याला. ती पानांना दिली, ५७ इंचांवर, कन्येच्या हुकमाप्रमाणे. आई दिवसाचे आठ-दहा तास खिडकीलगतच्या दिवाणावर असते. एका डोळ्याचं मोतीबिंदू काढलंय, दुसऱ्याचं व्हायचंय. तिथून तिला समोर दिसायचा तो चपलांचा रॅक. रॅक दाराबाहेर गेला. सोसायटीच्या सेक्रेटरींची दोन पत्रं आली आहेत, तो विषय वेगळा. रॅकच्या जागी लक्ष्मी लागली, ४२ इंचांवर, तार जुन्या पद्धतीनं खाली बांधून, थोडी पुढे झुकलेली.

ड्रिलवाल्यानं दोनदा विचारलं, "साहेब, एवढं खाली?" सौ.नंही विचारलं. आईनं काहीच विचारलं नाही. संध्याकाळी दिवा लागल्यावर आजीनं चिकटवलेली जर चमकली, तेव्हा तेवढं म्हणाली, "अजून दोन टिकल्या टिकून आहेत बघ."

एवढ्या खाली असल्यामुळे उभ्यानं बघणाऱ्याला जरा वाकावं लागतं, ही तक्रार खरी आहे. पण लक्ष्मीपुढे वाकायला बँकेतल्या माणसाची काही हरकत नसावी.