इसाराचे दुहेरी बंधन

इसार म्हणजे माल हाती येण्याआधी सौदा पक्का करण्यासाठी दिलेली रक्कम. जमिनीच्या व्यवहारात ती जुनीच. आता गेम कन्सोलच्या आगाऊ नोंदणीतही ती रुळली आहे. या रकमेने नेमके कोण बांधले जाते, फक्त देणारा की घेणाराही, हा तिच्यामागचा नैतिक प्रश्न आहे.

भारतात प्लेस्टेशन 5 ची नोंदणी 12 जानेवारी 2021 रोजी खुली झाली आणि ऑनलाइन साठा काही मिनिटांत संपला. डिस्कच्या कन्सोलची किंमत 49,990 रुपये होती. नोव्हेंबर 2022 मध्ये ती 54,990 झाली. अशा टंचाईत सांवेरसारख्या तहसिलीच्या गावातल्या ग्राहकाला ऑनलाइन नशीब आजमावावे लागते, नाहीतर सुमारे 30 किलोमीटरवर इंदूरला जाऊन दुकानात पैसे भरून ठेवावे लागतात. पावतीवर भरलेली रक्कम असते, पण माल कधी आणि कितीला मिळणार, हे रकाने कोरेच राहतात. माल आल्यावर सोबत जादा कंट्रोलर किंवा गेम घेण्याची अट निघते आणि नाही म्हटले तर इसार बुडतो. ग्राहकाला पैशांपेक्षा हा एकतर्फीपणा जास्त झोंबतो.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात इसाराला सत्यंकार म्हटले असून तो दुप्पट परत करायला लावण्याचा नियम दिला आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने मिताक्षरेत त्याची फोड केली: देणाऱ्याने शब्द मोडला तर इसार गेला, घेणाऱ्याने मोडला तर त्याने दुप्पट परत करावा. 533 साली जस्टिनियनच्या रोमन विधिग्रंथातही हाच नियम आला. एकमेकांपासून दूर असलेल्या या परंपरांनी वचनाचा भार दोन्ही बाजूंवर सारखा टाकला.

किमतीबाबतही स्मृती गप्प नाही. लगेच विकल्या जाणाऱ्या देशी मालावर शेकडा 5 आणि परदेशी मालावर शेकडा 10 नफा ती मान्य करते. व्यापाऱ्यांनी संगनमताने भाव पाडणे-चढवणे दंडनीय ठरवते. दूरच्या मालाची जोखीम तिने ओळखली, पण ग्राहकाच्या नडीला नफ्याचे कारण मानले नाही.

दुकानदाराची बाजूही खरी आहे. नोंदणी करून ग्राहक फिरकला नाही तर त्याचे भांडवल अडकते; आयातशुल्क आणि चलनाचा दर त्याच्या हातात नसतो. म्हणून माफक इसार घेणे न्याय्यच आहे. भाव बदलू शकतो हे मात्र आधी सांगायला हवे आणि बदललाच तर ग्राहकाला पूर्ण पैसे परत घेण्याची मुभा हवी.

आजचा कायदा याच दिशेने जातो. 1872 च्या करार कायद्याचे कलम 74 वाजवी भरपाईपुरतेच थांबते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अवाच्या सवा अनामत मागणारा करार अनुचित ठरू शकतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, स्वतः ऑर्डर रद्द केल्यावर तसाच आकार सोसण्याची तयारी नसलेल्या कंपनीला ग्राहकाकडून रद्द करण्याचा आकार घेता येत नाही. अनुचित कराराची तक्रार मात्र राज्य ग्राहक आयोगाकडे, म्हणजे भोपाळला न्यावी लागते. सेवेतील त्रुटीची तक्रार इंदूरच्या जिल्हा आयोगात चालते.

दुसऱ्याचे पैसे आणि त्याची वाट पाहणे स्वतःच्या ताब्यात घेणाऱ्याने तेवढीच जोखीम पत्करली पाहिजे. पावतीवर तारीख, किंमत आणि दोन्ही बाजूंना सारखा दंड लिहिलेला असेल, तरच इसार धर्म्य ठरतो.