कारित हिंसा आणि चार्जिंगची वेळ

हिंसा स्वतः केलेली असते, दुसऱ्याकडून करवलेली असते किंवा दुसऱ्याच्या हिंसेला दिलेली संमती असते. कृत, कारित आणि अनुमोदित ही विभागणी पतंजलींच्या योगसूत्रांत आहे, आणि थोड्या शब्दभेदाने जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातही. विजेवरच्या गाडीचा दोष यांपैकी दुसऱ्या प्रकारात मोडतो. पेट्रोलची गाडी स्वतः धूर सोडते, विजेची गाडी तो सोडायला लावते. महाराष्ट्राची बरीचशी वीज आजही कोळशावर तयार होते. पुण्यात प्लग लागतो, धुराडे चंद्रपूरला पेटलेले असते. तरी संपूर्ण आयुष्याच्या हिशेबात विजेच्या गाडीचे उत्सर्जन बहुधा कमीच भरते. म्हणून ती घ्यावी की नाही यापेक्षा ती कधी चार्ज करावी, हा प्रश्न अधिक खरा आहे.

दुपारी ग्रिडमध्ये सौरऊर्जा भरपूर असते. दिवस मावळला की ती संपते आणि नेमकी तेव्हाच मागणी चढते. सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज स्वस्त आणि कमाल मागणीच्या वेळी महाग असावी, असे केंद्राच्या 2023 च्या नियमांत ठरले, ते यामुळेच. पण दराने सवय बदलली म्हणजे दोष कळला असे नव्हे. तत्त्वार्थसूत्राच्या व्याख्येत हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात आहे. कार्यालयाच्या पार्किंगमध्ये चार्जर असूनही केवळ सवयीने रात्री आठला घरी प्लग लावणारा या व्याख्येत सापडतो. दिवसभर ई-रिक्षा चालवून रात्रीच चार्ज करू शकणारा सापडत नाही. जैन आचारशास्त्र पोटापाण्यासाठी घडणाऱ्या हिंसेला ‘उद्योगी’ म्हणून वेगळी काढते, आणि गृहस्थाला साधूंची महाव्रते नव्हे, मर्यादित अणुव्रतेच सांगते. (साधू पायीच विहार करतात, मात्र वीज सजीव अग्नी आहे की नाही, यावर त्यांच्यातही मतभेद आहेत.)

दुसरा मुद्दा अपरिग्रहाचा. जैन विचारात परिग्रह वस्तूंच्या संख्येवर नव्हे, आसक्तीवर ठरतो. रोज तीस किलोमीटर फिरणारा माणूस वाटेत अडकण्याच्या धास्तीने रोज शंभर टक्के चार्ज करतो. निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी सतत पूर्ण भरलेली राहिली की लवकर झिजते, आणि नवीसाठी पुन्हा बहुधा काँगोच्या खाणींतला कोबाल्ट लागतो. लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्ट नसतो आणि पूर्ण चार्जही ती अधिक सोसते. तिचे मोजमाप अचूक राहावे म्हणून काही उत्पादक ती अधूनमधून पूर्ण भरायलाच सांगतात. त्या गाडीत शंभराचा आकडा हा परिग्रह नव्हे, निगा आहे.