मरण कोणाच्या सहीने खरे ठरते?

घरात माणूस गेला की घरच्यांना त्याचा पुरावा लागत नाही. उशाशी बसलेल्या पत्नीने त्याचा हात धरलेला असतो, शेजारीपाजारी धावत आलेले असतात, चौघांनी खांदा दिलेला असतो. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवतो आणि जाणाऱ्याचे इथे काही अडकून राहिलेले नाही, अशी जणू पावतीच मिळते. इतक्या साक्षींपुढे आणखी कोणाला काय विचारायचे? तरीही हेच मरण परदेशात सिद्ध करण्याची वेळ येते, तेव्हा यांतली एकही साक्ष चालत नाही. तिथे कागद लागतो, आणि तो कागद खरा आहे हे सांगणारा दुसरा कागद लागतो.

समजा, निपाणीकडचे एक गृहस्थ वीस-बावीस वर्षे इंग्लंडात नोकरी करून गावी परतले आणि इथेच वारले. तिकडच्या बँकेत थोडी ठेव आहे. पत्नीने कळवले, बँकेचे उत्तर आले : मृत्यूचा दाखला अपोस्टिलसह पाठवावा. आता ही बाई आधी जन्ममृत्यू निबंधकाकडून दाखल्याची प्रत घेणार. मग त्यावरील निबंधकाची सही खरी असल्याचे राज्य शासनाच्या संबंधित खात्याकडून लिहून घेणार. त्यानंतर तो कागद ठरवून दिलेल्या एजन्सीमार्फत परराष्ट्र मंत्रालयाकडे जाणार आणि तिथे त्यावर अपोस्टिल चढणार. घरात अजून सुतक फिटलेले नसते, आणि बाईच्या हातात झेरॉक्सची पिशवी आलेली असते.

हा अपोस्टिल म्हणजे काय? फ्रेंच शब्द आहे. मूळ अर्थ समासात लिहिलेली टीप. ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातून ही पद्धत आली आणि भारतात ती १४ जुलै २००५ पासून लागू झाली. त्यापूर्वी प्रत्येक देशाच्या वकिलातीची पायरी वेगळी चढावी लागे. करारात नसलेल्या देशांसाठी ती आजही चढावी लागते. करारातील देशांपुरते एका चौकोनी शिक्क्यावर काम भागते. त्यात दहा रकाने असतात : देश, सही करणारा, त्याचा हुद्दा, मोहोर, ठिकाण, तारीख वगैरे.

गंमत अशी की या दहा रकान्यांत ‘हा माणूस मेला आहे’ असे कुठेही म्हटलेले नसते. करारातच स्पष्ट आहे की अपोस्टिल फक्त सही खरी असल्याचे, सही करणाऱ्याच्या अधिकाराचे आणि मोहोर अस्सल असल्याचे सांगतो. मजकुराच्या खरेपणाशी त्याला कर्तव्य नाही. दिल्लीचा अधिकारी राज्याच्या अधिकाऱ्याला ओळखतो, राज्याचा अधिकारी निबंधकाला ओळखतो. मेलेल्याला यांपैकी कोणीच ओळखत नाही. शिक्क्यांची संख्या वाढली म्हणून सत्यात गुंजभरही भर पडत नाही.

मग या साऱ्याला अर्थ काय? आपल्या न्यायदर्शनाने प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्याबरोबर ‘शब्द’ हेही प्रमाण मानले. शब्द कोणाचा? आप्ताचा. आप्त म्हणजे ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगतो. वात्स्यायनाने भाष्यात असेही सांगून ठेवले आहे की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखेच लागू पडते. मराठीने मात्र या शब्दाचा संसार केला. आपल्याकडे आप्त म्हणजे नातेवाईक. आणि कायद्याची अडचण नेमकी इथेच आहे. नातेवाइकाला ठाऊक असते, पण मरणानंतरच्या पैशात त्याचा वाटा असतो. परक्या अधिकाऱ्याचा वाटा नसतो, पण त्याला ठाऊक काहीच नसते. एकाजवळ ज्ञान आहे, दुसऱ्याजवळ तटस्थपणा आहे.

नुसत्या मायेवर मरणाचा निर्णय सोडला तर काय होते, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी ते कधी मानले नाही. त्यांनी सौभाग्यलेणे उतरवले नाही. पुढे भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे गेली, किल्ले गेले, आणि १७७६ मध्ये त्याला देहांत शासन झाले तेव्हा ते बंड मिटले. पार्वतीबाईंच्या निष्ठेपुढे मान लवते. पण त्या निष्ठेवर राज्याचे दफ्तर चालू शकत नाही.

उलट टोकाचे उदाहरण उत्तर प्रदेशातल्या आझमगड जिल्ह्याचे. तिथल्या लाल बिहारी यांना जमिनीसाठी नातलगांनीच सरकारी दफ्तरात मृत दाखवून टाकले. हा जिवंत माणूस आपल्या नावापुढे ‘मृतक’ लावून कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिला. १९९४ मध्ये दफ्तराने त्याला पुन्हा जिवंत केले. त्या खोट्या नोंदीवरची सही आणि मोहोर दोन्ही अस्सल होत्या. शिक्क्यावर शिक्का मारून कोणी तपासले असते, तरी ती नोंद खरीच ठरली असती.

म्हणून ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ हा त्या बाईचा संताप समजण्यासारखा असला तरी तो पूर्ण न्याय्य नाही. हजारो मैलांवरच्या बँकेने केवळ पत्रावर पैसे दिले असते, तर उद्या एखाद्या पुतण्यानेही तसेच पत्र धाडले असते, आणि तेव्हा नुकसान याच बाईचे झाले असते. परक्यांमधला अविश्वास हा अपमान असतोच असे नाही. तो दुबळ्याचे संरक्षणही करतो. फक्त त्या संरक्षणाची किंमत ज्याच्या घरात माणूस गेला त्यानेच, ती घटका न सरते तोच मोजावी, हे मात्र मनाला पटत नाही.

आपल्या सीमाभागात ही किंमत आणखी चढते. घरात नाव मराठीत, दाखला कन्नडमध्ये, पासपोर्ट इंग्रजीत. तीन लिप्यांतून जाताना नावातले एखादे अक्षर गळते, एखादे वाढते. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराच्या नावाचे इंग्रजी रूप सरकारने बदलले. त्यामुळे एकाच माणसाच्या जुन्या आणि नव्या कागदांवर दोन गावे दिसतात. नाव कोणते असावे हा वाद आपल्या जिव्हाळ्याचा आहे, पण लंडनच्या टेबलामागे बसलेल्याला ते दोन वेगळे मृत माणसे वाटू शकतात. मग प्रतिज्ञापत्र आणि आणखी शिक्के. अशा वेळी कोणी एजंट कानाशी लागतो, ‘एवढे अक्षर आपण जमवून टाकू.’ मरण खरे आहे, हक्क खरा आहे, मग एका अक्षराचे खोटे काय वाईट? वाईट हे की ज्या एका कागदावर सगळ्या परक्यांचा विश्वास टेकला आहे, तोच आपण पोखरतो. दुरुस्तीचा कायदेशीर मार्ग लांबचा असला, तरी त्याच मार्गाने जावे.

या उतरंडीचे सगळ्यांत खालचे मडके कोणते? जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. घरी मृत्यू झाला तर कुटुंबप्रमुखाने एकवीस दिवसांच्या आत खबर द्यायची असते. ती खबर ऐकून गावचा निबंधक एक ओळ लिहितो. वरचे सगळे शिक्के त्या ओळीच्या जिवावर उभे असतात. ज्ञान आणि तटस्थपणा यांची गाठ पडते ती फक्त तिथे, आणि बोलणारे आपणच असतो. दुःखात घरच्यांची शुद्ध नसते; अनेकदा शेजारी किंवा मेहुणा जाऊन घाईघाईत घरगुती नाव सांगून येतो.

खांदा देणे हे आपण पुण्य मानतो. माझ्या मते निबंधकाच्या टेबलाशी उभे राहून, गेलेल्याचा पासपोर्ट हातात धरून, नाव, वडिलांचे नाव, तारीख अक्षर न् अक्षर बरोबर लिहवून घेणे हाही एक खांदाच आहे. तिरडी स्मशानापर्यंत पोहोचली की पहिला खांदा मोकळा होतो. हा दुसरा खांदा मागे राहिलेल्या बाईला पुढे कित्येक वर्षे पुरतो, आणि तो द्यायला रक्ताचेच नाते लागते असे नाही. वात्स्यायनाच्या अर्थाने तेवढा माणूस आप्त असला म्हणजे झाले.