कांदा, बासी आणि आहारशुद्धी

चातुर्मास जवळ आला की साधकांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. कांदा-लसूण सोडायचे का, आणि सोडले तर घरातल्या बाकीच्यांचे काय? भिलाईच्या स्मृति नगरासारख्या वसाहतीत, जिथे मराठी घरांना छत्तीसगढी शेजार आहे, तिथे या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. घरकामाला येणारी बाई दुपारी आपला डबा उघडते. डब्यात बासी असते, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात. त्यात मीठ, सोबत हिरवी मिरची आणि एक कांदा. इकडे कांद्याला गोंदली म्हणतात. ज्या घरात कांदा वर्ज्य झाला आहे, तिथे तिने हा डबा कुठे बसून खायचा? काही घरांत उत्तर ठरलेले असते : मागच्या बाजूला. असे सांगणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसतो. तरीही प्रश्न आता कांद्याचा राहिलेला नसतो. तो आपल्या शुद्धीच्या कल्पनेचा झालेला असतो.

कांदा हे कष्टकऱ्यांचे अन्न, ही गोष्ट फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी ५ व्या शतकातला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की, इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडवर मजुरांच्या मुळा, कांदा आणि लसणावर झालेल्या खर्चाचा लेख त्याला दाखवण्यात आला. त्याच इजिप्तमध्ये राजा चौथा रामेसिस याच्या ममीच्या डोळ्यांच्या खोबणीत कांदे ठेवलेले सापडले. म्हणजे एकच कंद मजुराच्या भाकरीबरोबरही होता आणि राजाच्या परलोकयात्रेतही.

आपल्याकडे कांद्याकडे दोन नजरांनी पाहिले गेले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानाच्या अध्यायात, पलांडू म्हणजे कांदा आहे. चरकांचे मत नेमके आहे : कफ वाढवणारा, वात शमवणारा, पित्त मात्र कमी न करणारा, पचायला जड, बल देणारा, रुची आणणारा आणि वृष्य. वैद्याने गुणही सांगितले आणि मर्यादाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मात्र लसूण, कांदा आणि अळंबी द्विजांसाठी अभक्ष्य ठरवली आहेत. इथे ‘द्विजांसाठी’ हा शब्द सुटता कामा नये. वैद्याच्या दृष्टीने कांदा ही एक वस्तू आहे. स्मृतिकाराच्या दृष्टीने तो कोण खातो, हेही महत्त्वाचे आहे.

याचे पुढे काय झाले ते परदेशी यात्रेकरूंनी लिहून ठेवले. ५ व्या शतकाच्या सुरुवातीला आलेला चिनी भिक्षू फाहियान सांगतो की मध्यदेशातले लोक प्राणिहत्या करीत नाहीत, मद्य पीत नाहीत, कांदा-लसूण खात नाहीत; याला अपवाद फक्त चांडाळांचा. आणि ते वस्तीबाहेर राहतात, गावात शिरताना लाकूड वाजवून आपली चाहूल देतात. ७ व्या शतकात ह्युएनत्संग लिहितो की कांदा-लसूण खाणाऱ्याला नगराच्या तटाबाहेर घालवतात. अहिंसेचे आणि संयमाचे कौतुक करणाऱ्या ओळींच्या शेजारीच या ओळी आहेत. मला हे वाचताना ‘मागच्या बाजूला’ हे शब्द आठवतात.

आता गीतेकडे वळू. सतराव्या अध्यायातल्या आहाराच्या वर्णनात कांद्याचे नाव कुठेच नाही. फार तिखट, फार उष्ण, दाह करणारे ते राजस, एवढेच लक्षण दिले आहे. तामसाच्या वर्णनात शिळे अन्न मात्र स्पष्ट आले आहे. मग त्या डब्यातली बासी दोन्ही बाजूंनी दोषी : भात शिळा आणि वर कांदा! पण हे श्लोक नीट वाचले तर ते कोणाला काय प्रिय असते, म्हणजे मनाची ओढ कुठे असते, हे सांगत आहेत. आणि सात्त्विक आहाराचे पहिले लक्षण दिले आहे ते आयुष्य, बल, आरोग्य वाढवणारा असे. मे महिन्यात दुर्ग-भिलाईचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हात राबणाऱ्या शरीराला त्या भातातून पाणी आणि मीठ मिळते, पोट थंड राहते, आणि कांदा त्या साध्या घासाला चव देतो. छत्तीसगढ सरकारने २०२२ च्या १ मे रोजी, कामगार दिनी, सर्वांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले होते. राजकारण बाजूला ठेवले तरी पोलाद कारखान्याच्या या गावात त्याचा अर्थ लोकांना समजावून सांगावा लागला नाही.

(खिशात कांदा ठेवला की लू लागत नाही, ही समजूत विदर्भातही आहे आणि इथेही. खिशातला कांदा काही करीत नाही. पाणी, मीठ आणि सावली करतात. ऊन लागून शुद्ध हरपत असेल तर कांदा हुंगवत न बसता दवाखाना गाठावा.)

आहार शुद्ध असेल तर अंतःकरण शुद्ध होते, असे छांदोग्य उपनिषद सांगते. या वचनावर स्वामी विवेकानंदांनी ‘भक्तियोगा’त दोन आचार्यांची मते शेजारी शेजारी मांडली आहेत. रामानुजाचार्य आहार म्हणजे अन्न असे घेतात आणि अन्नाचे तीन दोष सांगतात : जातिदोष म्हणजे त्या वस्तूचा स्वभाव, आश्रयदोष म्हणजे ते कोणाकडून आले, आणि निमित्तदोष म्हणजे त्यात पडलेली घाण, केस वगैरे. कांदा-लसणाचा आक्षेप पहिल्या प्रकारातला. शंकराचार्य मात्र आहार म्हणजे इंद्रियांनी जे जे आत घेतले जाते ते सर्व, असा अर्थ करतात. राग, द्वेष आणि मोह यांपासून मुक्त असे ग्रहण म्हणजे आहारशुद्धी. स्वामीजींनी दोन्ही अर्थ आवश्यक मानले. पण नुसत्या अन्नाच्या नियमात अडकून धर्म स्वयंपाकघरात कोंडणाऱ्यांवर त्यांनी कठोर टीकाही केली.

दोन्ही अर्थ एकत्र घेतले तर कसोटी सोपी होते, पाळायला मात्र अवघड. कांदा सोडल्याने जिभेची ओढ कमी झाली, पोट हलके राहिले, ध्यानात बसणे सुकर झाले, तर तो त्याग कामी आला. पण त्याच त्यागाने कांदा खाणाऱ्याविषयी मनात तिटकारा आला, तर शंकराचार्यांच्या अर्थाने आपला आहार अधिक अशुद्ध झाला. जिभेने जे नाकारले त्याहून जड काहीतरी मनाने गिळले.

अरणच्या सावता महाराजांना मळ्यातल्या भाजीपाल्यात विठ्ठल दिसला, आणि त्या भाजीपाल्यात कांदाही होता. ते काही आहारशास्त्र सांगत नव्हते. पण ज्याचे हात मातीत आहेत त्याचे पीक देवापासून दूर नाही, हे त्यांना कुणाला विचारावे लागले नाही.

त्यागाची आपली मराठी रीतही पाहण्यासारखी आहे. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, घरोघरी भजी, थालीपीठ, झुणका असे कांद्याचे पदार्थ होतात आणि देवशयनी एकादशीपासून चार महिने कांदा बंद. सोडायच्या वस्तूला शिव्या घालून नाही, पोटभर खाऊन निरोप. त्या दिवसांत पचन मंद असते आणि उन्हाळ कांदा चाळीत सडू लागतो, हे व्यवहारही त्यामागे असावेत.

म्हणून व्रत घेणाऱ्याने ते आपल्यापुरते घ्यावे. शिबिराचा स्वयंपाक कांद्याशिवाय असावा, त्यावर वाद नको. सामूहिक साधनेला तेवढी शिस्त लागते. पण लासलगावच्या बाजूच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरी आपण प्रचारासाठी गेलो, त्याच्या कांद्याला बाजारात भाव नाही, आणि त्याच्या घरच्यांनी पिठलं-भाकरीबरोबर कांदा फोडून ताटात ठेवला, तर? नियम घेतलेल्याने तो न बोलता बाजूला ठेवावा. ज्याने नुसती सवय म्हणून सोडला आहे, त्याने खाल्ला तर साधनेचे काही बिघडत नाही. दोघांनीही ‘आमच्यात चालत नाही’ एवढे मात्र म्हणू नये.