निर्वैर प्रहार

गेल्या वर्षी एका सायंकाळी आमच्या भाच्याने आमच्या मेजावर एक छापील कागद आणून ठेवला. मुष्टियुद्धाच्या पहिल्या हौशी सामन्यात उतरण्यास घरच्यांची हरकत नाही, एवढाच त्यातील मजकूर. मुलाला अठरा वर्षे पूर्ण झालेली. कायद्याच्या दृष्टीने आमच्या सहीची गरज नव्हती. परंतु त्याचे वडील हयात नाहीत, आणि शिकविणाऱ्या गुरुजींना घरातील वडीलधाऱ्याचा शब्द हवा होता. दारात उभी असलेली आमची थोरली बहीण म्हणाली, "तू वकील ना? मग यात खोट काढ." आजवर आम्ही दुसऱ्यांच्या कागदांतील खोट काढून पोट भरले, या कागदात ती सापडेना, आणि सही करण्यास हातही धजेना.

बेळगावकडच्या माणसाला अंगमेहनतीच्या खेळाचे वावडे नाही. तालमीची लाल माती अंगाला लागलेला एखादा तरी पुरुष आमच्याकडे घरोघरी निघेल. कुस्तीत कोणाचा खांदा निखळला तर आपण हळहळतो; पण त्यासाठी कुस्तीला कोणी पाप म्हणत नाही. मग मुष्टियुद्धाविषयीच ही अढी का? कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावावयाची असते, इजा झालीच तर तो अपघात. मुष्टियुद्धात ठोसा हेच साधन, आणि मस्तकावर नीट बसलेला ठोसा पंचांच्या लेखी जमेस धरला जातो. ज्याच्याशी आपले काडीचेही वैर नाही, त्याच्या तोंडावर जाणूनबुजून प्रहार करणे सज्जनाला शोभते काय, हा खरा प्रश्न.

सही करण्यापूर्वी आम्ही काही दिवस त्याचा सराव पाहावयास गेलो. आमची कल्पना अशी की तेथे पोरे पहिल्या दिवसापासून एकमेकांना बदडीत असतील. प्रत्यक्षात पहिले कित्येक आठवडे कोणी कोणाला हात लावीत नाही. आधी उभे राहणे शिकवितात: डावा पाय पुढे, उजवी टाच किंचित उचललेली, हनुवटी खाली, हात गालांशी. मग दोरीवरच्या उड्या, मग आरशासमोर हवेशी झुंज, मग टांगलेली जड पिशवी. मनगटांना पट्ट्या गुंडाळण्यालाच पाच-सात मिनिटे लागतात, आणि ते काम पोरे इतक्या निगुतीने करतात की आम्हांस सोवळे नेसणाऱ्या पुजाऱ्यांची आठवण झाली. (ही उपमा बहिणीस आवडली नाही.)

अडचण आली ती समोर माणूस उभा राहिल्यावर. भाचा मार खाई, पण देईना. त्याचा जॅब दर वेळी चार बोटे अलीकडेच थांबे. आम्हांस मनातून बरे वाटले. संस्कार म्हणतात ते हेच, असे वाटले. गुरुजींनी मात्र सराव थांबविला आणि शांतपणे म्हणाले, "तू याला फसवतो आहेस. तुझा हात पोचत नाही म्हणून हा आपला बचाव सैल ठेवायला शिकेल, आणि त्याची किंमत सामन्यात भरील." दयेचे ढोंग दुसऱ्याच्या जिवावर उठू शकते, हा विचार आमच्या इतक्या वर्षांच्या वकिलीत आम्हांस सुचला नव्हता.

कायद्याने हा प्रश्न पूर्वीच हाताळला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे ८७ वे कलम, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २५ वे कलम झाले, असे मानते की अठरा वर्षांवरील माणसाने संमतीने पत्करलेली इजा हा गुन्हा नव्हे. मात्र करणाऱ्याचा हेतू मृत्यू वा जबर दुखापत घडविण्याचा नसावा आणि तशी शक्यताही त्यास ठाऊक नसावी. उदाहरण दिले आहे ते करमणुकीसाठी पट्टा-तलवार खेळणाऱ्या दोघांचे. पण हाड वा दात मोडणे हीसुद्धा जबर दुखापतच. नाकाचे हाड केवढे असते, हे वाचकांनी आपल्या बोटाने चाचपून पाहावे.

आमची शंका निराळी होती. १९२८ साली मार्टलँड नावाच्या अमेरिकन वैद्याने वारंवार डोक्यावर मार खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूविकारावर लेख लिहिला. १९८२ मध्ये किम दुक-कू हा कोरियन योद्धा सामन्यानंतर मरण पावला, आणि त्यानंतर धंदेवाईक अजिंक्यपदाच्या लढती पंधरांवरून बारा फेऱ्यांवर आल्या. हौशी सामना तीन फेऱ्यांचा, आधी वैद्यकीय तपासणी, डोक्यास शिरस्त्राण. धोका पुष्कळच कमी, हे मान्य. तरी शिरस्त्राण कातडीची जखम टाळते, आत मेंदूस बसणारा हिसका टाळीत नाही. तेव्हा अठरा वर्षांचा मुलगा जी संमती देतो ती कोणाच्या वतीने? पुढे पन्नाशीस पोचणाऱ्या एका गृहस्थाच्या वतीने, ज्याला विचारण्याची सोय नाही. आमच्या भाच्याचा खरा अज्ञान पाल्य तो गृहस्थ होय. पण असे म्हणावे, तर आम्हीही अठराव्या वर्षी वकिलीची वाट धरताना आजच्या आमच्या पाठीच्या मणक्यास विचारले नव्हते. शेवटी आम्ही सही केली.

प्रेक्षकांचा प्रश्न आमच्या ध्यानीमनीही नव्हता. वस्तुतः दशमस्कंधाचे निरूपण आम्ही देवळात अनेकदा ऐकले आहे. कंसाच्या रंगमंडपात चाणूर आणि मुष्टिक या मल्लांसमोर दोन कोवळी पोरे उभी राहतात, तेव्हा मथुरेच्या स्त्रिया कुजबुजतात की हा सामना विषम आहे, आणि तो पाहत बसणाऱ्या सभेसही अधर्म लागतो. १८८२ च्या कोनी खटल्यात इंग्रज न्यायाधीशांपुढे हाच पेच आला. पैजेची झुंज बेकायदा ठरली. नुसती हजेरी म्हणजे प्रोत्साहन, असे मात्र बहुमताने मानले नाही. मथुरेच्या बायकांचा निकाल अधिक कडक होता, असे म्हणावे लागते.

भाच्याचा सामना विषम नव्हता. वजन, वय, अनुभव सारे तोलून जोडी लावलेली. दुसऱ्या फेरीत त्याचा उजवा ठोसा बसला, समोरच्या मुलाच्या नाकातून रक्त आले, आणि भाचा क्षणभर थबकून पंचाकडे पाहू लागला. त्या क्षणी आमच्या कानावर एक आवाज आला: "थांबतोस काय? हाण!" तो आमचाच होता. विवेकाचे वकीलपत्र घेऊन आम्ही तेथे गेलो होतो, आणि खुर्चीवरून अर्धे उठून उभे होतो.

तो मुलगा सावरला. तिसरी फेरी त्याने जिंकली आणि सामनाही जिंकला. मग दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले, एकमेकांच्या गुरुजींच्या पाया पडले, आणि पट्ट्या सोडीत हसत बोलत बसले. वैर होते ते आमच्याकडे, खुर्च्यांच्या रांगेत.

घरी पोचल्यावर बहिणीने मुलाचा चेहरा दिव्याखाली धरून न्याहाळला. आमचे ओरडणे आम्ही तिला सांगितले नाही, रक्ताचे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या दुसऱ्या पोराची आई आली होती का रे तिथे?"

आम्ही पाहिलेच नव्हते.