मुकेपणाची शाळा

शास्त्रपाठ : लूक १:५-२५, ५७-८०



आम्हां इंदूरकरांना देवास काही दूर नाही. १९४८ साली तेथे एक तरुण गवई राहावयास आले. त्यांचे नाव कुमार गंधर्व. लहानपणापासूनच त्यांचे गाणे ऐकावयास लोक गर्दी करीत. पण आता त्यांना क्षयाने गाठले होते. डॉक्टरांनी गाण्यास मनाई केली. सुमारे पाच वर्षे ते गायले नाहीत.

ज्याचा गळा हेच ज्याचे सर्वस्व, त्याने त्या काळात काय केले? त्याने ऐकले. माळव्यातील बायाबापड्यांची गाणी अंथरुणावर त्यांच्या कानी पडत, आणि ती त्यांनी मनात साठविली. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा एक फुप्फुस निकामी झाले होते. श्वास थोडा, म्हणून स्वर थोडके, आणि मध्ये शांतता. पण ती शांतताही बोलू लागली. ऐकलेल्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग घडविले.

जखऱ्या याजकाचेही असेच झाले. त्याचे मुकेपण अविश्वासामुळे आले, कुमारजींचे आजारामुळे, कारणे निराळी. आजार म्हणजे शिक्षा, असे कोणी समजू नये. परंतु मंदिरात बोलण्याचा ज्याचा अधिकार, तो योहानाच्या जन्मापर्यंत निःशब्द राहिला. मग पाटीवर बाळाचे नाव लिहिताच त्याची जीभ मोकळी झाली, आणि पहिला शब्द निघाला तो देवाच्या स्तुतीचा.

माझीच एक चूक सांगतो. एका घरी तरुण मुलगा वारला होता. मी सांत्वनास गेलो आणि वचनांमागून वचने सांगत सुटलो. शेवटी ती माउली म्हणाली, “भाऊ, थोडं गप्प बसाल का माझ्याजवळ?” मी बसलो. बऱ्याच वेळाने ती मुलाविषयी बोलू लागली. माझ्या बोलण्याने तिचेच तोंड बंद केले होते!

आपल्या उपासनेतही गीत, प्रार्थना, संदेश, सूचना यांत श्वास घ्यावयास जागा नसते. देवाने बोलावे तरी केव्हा? शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, येत्या रविवारी प्रार्थनेनंतर मुलांना एक मिनिट शांत बसवा, आणि काय ऐकू आले ते विचारा. घाईने उत्तर सांगू नका.

प्रभू आपले ओठ उघडो. पण त्याआधी आपले कान उघडो. आमेन.